"बरी आहे" या उत्तरापलीकडे: रुग्णाने स्वतः सांगितलेला त्रास डॉक्टरांपर्यंत कसा पोहोचावा?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण तो आमच्या एका घरापुरता नसावा असे वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. भाद्रपदात त्यांची मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर इंदुरातल्याच एका रुग्णालयात दर चौदा दिवसांनी केमो सुरू झाली. त्यातल्या औषधांपैकी एक ऑक्सालिप्लॅटिन. ज्यांच्या घरात हे औषध येऊन गेले आहे त्यांना ठाऊक असेल की ते हातापायांच्या नसांवर परिणाम करते. हा परिणाम दोन प्रकारचा असतो. सलाईन लागल्यानंतरचे काही दिवस थंड भांड्याला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात आणि गार पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा वाटतो. हा त्रास बहुधा आपोआप ओसरतो. दुसरा त्रास साचत जाणारा आहे. औषधाची एकूण मात्रा वाढते तसतसा तो वाढतो, दोन सलाईनांच्या मधल्या दिवसांतही जात नाही, औषध बंद केल्यावरही काही महिने वाढत राहू शकतो आणि काही जणांच्या बाबतीत कायमचा राहतो. पहिल्या त्रासात गरम पाणी, हातमोजे अशी काळजी घेत पुढे जाता येते. दुसरा वाढताना दिसला तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा ते औषध थांबवतात. हा फरक रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही. तो रुग्णाच्या बोटांनाच कळतो आणि रुग्णाने सांगितला तरच इतरांना कळतो.

आमच्याकडे तो कळायला उशीर झाला. आई रोज दुपारी जेवणे आटोपल्यावर वाती वळायला बसतात. पिंजलेल्या कापसाचा पितळी डबा, शेजारी चमचाभर दुधाची वाटी, आणि बोट दुधात बुडवून फुलवातीला काढलेले टोक, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. पाचव्या सलाईननंतर एकदा देव्हारा पुसताना मला तिथे बाजारच्या तयार वातींचे पाकीट दिसले. मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "कापूस बोटात आला की नाही तेच समजत नाही गं, टोक कसं निघणार?" किती दिवसांपासून, तर दिवाळीपासून. म्हणजे जवळजवळ पाच आठवडे. मधल्या काळात डॉक्टरांची भेट दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा "कैसी हैं माताजी?" या प्रश्नाला आईंनी "ठीक हूँ" असे उत्तर दिले होते. हातापायांना काही होते का, असेही डॉक्टरांनी विचारले होते. "ठंडे से थोड़ा होता है," असे त्या म्हणाल्या आणि तसेच फाईलमध्ये लिहिले गेले. डॉक्टर धावपळीत असूनही विचारत होते, आणि आईही खोटे बोलत नव्हत्या. आपल्या दुखण्याचा बभ्रा करू नये, डॉक्टरांचा वेळ घेऊ नये, या संस्कारात त्यांचे आयुष्य गेले आहे.

आता मुख्य मुद्दा. रुग्णालयाने पहिल्याच दिवशी फोनमध्ये एक ॲप घालून दिले होते. दर गुरुवारी त्यावर दहा-बारा प्रश्न येतात: मळमळ, जुलाब, भूक, थकवा, झोप, हातापायांचा बधिरपणा. ते ॲप माझ्या यजमानांच्या फोनवर होते आणि ते कचेरीतून सगळ्याला "नहीं" किंवा "थोड़ा" अशी खूण करून पाठवून देत होते. चूक आमचीच, आणि ती मला फार लागली आहे. नंतर वाचनात आले की रुग्णाने स्वतः दिलेल्या या नोंदींची व्याख्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत अगदी स्पष्ट केली आहे: रुग्णाच्या प्रकृतीबद्दलची माहिती थेट रुग्णाकडून आलेली असावी आणि डॉक्टरांनी किंवा अन्य कोणीही मध्ये तिचा अर्थ लावलेला नसावा. मुलाने अंदाजाने भरलेला फॉर्म कितीही प्रेमाने भरलेला असला तरी या व्याख्येत बसत नाही.

त्या गुरुवारी मी फोन आईंच्या हातात दिला, शेजारी बसले आणि एकेक प्रश्न वाचून दाखवला. बधिरपणावर दोन प्रश्न होते. गेल्या सात दिवसांत त्रास जास्तीत जास्त किती तीव्र होता, या पहिल्या प्रश्नाला त्यांनी "थोडा" असे उत्तर दिले. त्या त्रासामुळे रोजच्या कामात किती अडथळा आला, हा दुसरा प्रश्न ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग "खूप" म्हणाल्या. वाती होत नाहीत, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, गोळीची पट्टी फोडता येत नाही, असे एकामागून एक बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातून सिस्टरचा फोन आला, पुढच्या सलाईनच्या आधी डॉक्टरांनी दोन्ही हातांची बोटे तपासली आणि औषधाची मात्रा कमी केली.

माझे विचारणे असे की, तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी ॲप किंवा नोंदवह्या वापरल्या जातात का? पलीकडे त्या कोणी वाचते का? आणि ज्यांना हिंदी प्रश्न नीट कळत नाहीत अशा आपल्या वयस्क मंडळींचे काय करावे?

शुश्रूषा

ताई, मी केमोच्या डे-केअर विभागात बारा वर्षे काम करते आहे. तुमच्या आईंनी जे केले ते आमच्या दृष्टीने फार मोलाचे आहे आणि तुम्ही स्वतःला एवढा दोष लावून घेऊ नका. आमच्याकडे येणारे निम्म्याहून अधिक फॉर्म मुलांच्या किंवा सुनांच्या हातचे असतात, हे आम्हाला उत्तरांवरूनच कळते. चार आठवडे सगळी उत्तरे अगदी एकसारखी असली की मी स्वतः फोन करून रुग्णाशी बोलायचे आहे असे सांगते.

अशा नोंदींचा खरोखर उपयोग होतो का, याचा एक चांगला अभ्यास न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रात झाला. शरीरात पसरलेला कर्करोग असलेल्या, बाह्यरुग्ण म्हणून केमो घेणाऱ्या ७६६ जणांपैकी काहींना नेहमीची सेवा दिली गेली आणि काहींना त्याशिवाय बारा नेहमीच्या लक्षणांची नोंद संगणकावर करायला सांगितले गेले. लक्षण तीव्र झाले किंवा आधीपेक्षा बरेच वाढले की परिचारिकेला ईमेल जात असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नोंद करणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोकांना तातडीच्या विभागात जावे लागले, तर नेहमीच्या सेवेत हेच प्रमाण ४१ टक्के होते. २०१७ साली जगण्याच्या कालावधीचे आकडे आले, तेव्हा नोंद करणाऱ्या गटात त्याचा मध्यक (निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगले असा आकडा) ३१.२ महिने होता आणि दुसऱ्या गटात २६ महिने. सूचना आल्यावर परिचारिकांनी ७७ टक्के वेळा प्रत्यक्ष काहीतरी केले: फोन करून समजावून सांगितले, औषध सुचवले, मात्रा बदलण्यासाठी डॉक्टरांना कळवले.

या अभ्यासातली मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. ज्यांना संगणकाची सवय नव्हती अशा रुग्णांना या पद्धतीचा फायदा तुलनेने अधिक झाला. ते घरून नोंद करत नव्हते. रुग्णालयात आले की तिथल्या यंत्रावर करत होते. "आमच्या आजीला फोन जमत नाही" असे म्हणून जी घरे हा विषय सोडून देतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

तुकोगंज

मी डॉक्टर आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही दोन-तीन गोष्टी सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिली गोष्ट अशी की, त्या अभ्यासानंतर अमेरिकेतल्याच ५२ सामुदायिक कर्करोग केंद्रांमध्ये ११९१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यात रुग्ण दर आठवड्याला इंटरनेटवरून किंवा आपोआप येणाऱ्या फोनवरून उत्तरे देत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांची शारीरिक क्षमता, लक्षणांवरील नियंत्रण आणि जीवनाचा दर्जा सुधारलेले दिसले, मात्र पुढे आलेल्या अंतिम निष्कर्षांत आयुर्मानात फरक आढळला नाही. त्यामुळे "ॲप वापरा आणि जास्त जगा" असे कोणी सांगत असेल तर ते मान्य करू नका. त्रास कमी होणे आणि तातडीने धावपळ करावी लागण्याचे प्रसंग लांबणे हे स्वतःच इतके मोठे आहे की त्याला आणखी कसला आधार लागत नाही.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. माझ्या ओपीडीत सकाळी ऐंशी रुग्ण असतात. प्रत्येकाच्या दर आठवड्याच्या बारा उत्तरांचा आलेख माझ्यासमोर आला आणि तो वाचण्यासाठी वेगळी प्रशिक्षित परिचारिका नसली, तर तो आलेख नसल्यासारखाच आहे. किंबहुना अधिक वाईट, कारण रुग्णाला वाटते की आपण कळवले आहे. कोणत्या उत्तरावर सूचना जाणार, ती कोणाकडे जाणार, रविवारी रात्री गेली तर कोण पाहणार, हे ठरवल्याखेरीज रुग्णालयाने असे ॲप रुग्णाच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर ॲपमध्ये लिहून वाट पाहत बसू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. थेट फोन करा आणि रुग्णालय गाठा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

शब्दार्थ

रामबागच्या ताईंनी भाषेचा प्रश्न विचारला आहे, त्यावर थोडे लिहितो. माझे काम भाषांतराचे आहे आणि आरोग्यविषयक प्रश्नावल्यांच्या मराठी मसुद्यांवर मी काम केले आहे.

अशा प्रश्नावलीचे भाषांतर साध्या मजकुरासारखे करत नाहीत. दोन जण स्वतंत्रपणे मराठी मसुदा तयार करतात, त्या दोहोंचा एक मसुदा होतो, मग मूळ प्रश्न न पाहिलेला तिसरा माणूस तो पुन्हा मूळ भाषेत नेतो आणि दोन्ही ताडून पाहिले जातात. त्यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: खऱ्या रुग्णांसमोर बसून प्रत्येक प्रश्न वाचायचा आणि "यातून तुम्हाला काय समजले?" असे विचारायचे. कर्करोगाच्या रुग्णांसाठी युरोपात तयार झालेली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्या हिंदी आणि मराठी रूपांची पडताळणी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झाली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे मराठीत हे होऊ शकते आणि झालेलेही आहे.

रुग्णांसमोर बसल्यावर काय काय कळते, याचे एक उदाहरण देतो. "थकवा" या शब्दावर आम्ही निश्चिंत होतो. एका आजींनी मात्र सांगितले की थकवा काम केल्यावर येतो आणि त्या तर काहीच काम करत नाहीत, त्यामुळे त्यांचे उत्तर "अजिबात नाही" असे होते. त्याच आजी पुढे म्हणाल्या की सकाळी उठल्यापासून अंगातले त्राण गेल्यासारखे वाटते. केमोच्या रुग्णाचा नेमका तोच त्रास आम्हाला विचारायचा होता, आणि आमचा शब्द तो विचारतच नव्हता. "चक्कर" या शब्दाचेही असेच झाले. कोणी त्याचा अर्थ घेरी असा घेतला, कोणी डोळ्यांपुढे अंधारी, तर कोणी गरगरणे. डॉक्टरांच्या दृष्टीने या तिन्हींची कारणे वेगळी असू शकतात.

इंदुरात आपली आणखी एक अडचण आहे. आपण दिवसभर हिंदी बोलतो, बाजारात, बँकेत, रिक्षात. म्हणून आपल्याला हिंदी येते असे सगळे धरून चालतात, आपणही. परंतु दुखणे माणूस बहुतेक वेळा घरच्या भाषेतच सांगतो. "सुन्नपन" हा शब्द ज्यांना बाजारात कधी लागला नाही, त्यांना तो दवाखान्यात एकदम कसा सापडावा? "ठंडे से थोड़ा होता है" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्या माउलींना मराठीत विचारले असते तर कदाचित पहिल्याच भेटीत बोटात कापूस कळत नसल्याचे पुढे आले असते. ताई, शक्य असल्यास आईंनी स्वतःहून वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. आमच्यासारख्यांना ते फार उपयोगी पडतात.

व्यायामोपचार

कर्करोगापेक्षा वेगळ्या क्षेत्रातला अनुभव सांगतो. मी गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचा व्यायाम घेतो. आमच्याकडे ऑक्सफर्डची गुडघ्याची प्रश्नावली वापरतात. तिच्यात मागच्या चार आठवड्यांबद्दल बारा प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण आणि एकूण ४८. जितके गुण अधिक तितका गुडघा चांगला. इंग्लंडमध्ये एप्रिल २००९ पासून सरकारी खर्चाने होणाऱ्या खुबा आणि गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णांकडून शस्त्रक्रियेपूर्वी आणि सहा महिन्यांनंतर अशी प्रश्नावली भरून घेतात. आधीचा आकडा असणे अत्यंत आवश्यक आहे. नंतर मिळालेले ३४ गुण आधीच्या १२ वरून आले की ३० वरून, हे कळले नाही तर त्या ३४ चा अर्थ लागत नाही. आपल्याकडे आधीची नोंद बहुतेक राहूनच जाते.

त्या बारा प्रश्नांत जिने उतरणे, खरेदीला एकट्याने जाणे, गुडघ्यांवर टेकून पुन्हा उठणे हे सगळे आहे. मांडी घालून बसणे मात्र नाही. माझ्याकडे येणाऱ्या मराठी घरांतल्या आजी पहिल्याच दिवशी विचारतात की सत्यनारायणाला पाटावर बसता येईल का. मी छापील प्रश्नावलीत बदल करत नाही, कारण तसे केल्यास गुणांची तुलना राहत नाही, पण मागच्या कोऱ्या पानावर त्यांचा स्वतःचा एक प्रश्न लिहून घेतो आणि प्रत्येक भेटीत त्याचे उत्तर विचारतो. त्या बारा प्रश्नांइतकाच तो एक प्रश्न त्यांना व्यायाम करायला लावतो.

देवासकर

फोन कोणाचा, हा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून थोडक्यात लिहिते. माझ्या आईला गर्भाशयाचा कर्करोग होता. ॲप भावाच्या फोनवर होते आणि अंगावरून जाण्याबद्दलचा प्रश्न त्यात होता. आईने तो कधीही भरू दिला नाही, कारण मुलगा वाचेल. शेवटी मी देवासहून दर शनिवारी माझ्या फोनसह जाऊ लागले. रुग्णालयांनी नोंदणीच्या वेळीच रुग्णाला एकांतात विचारावे की उत्तरे कोणासमोर द्यायला आवडतील.

आभा क्रमांकाबद्दलही, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीच्या सरकारी ओळख क्रमांकाबद्दलही, एक विनंती आहे. चौदा अंकी क्रमांक मिळाला म्हणजे आपली कागदपत्रे सगळीकडे खुली झाली असे नव्हे. नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी प्रत्येक वेळी आपली संमती मागितली जाते आणि ती मागे घेता येते. घरातल्या मोठ्यांच्या वतीने आपण ओटीपी सांगून मोकळे होतो, त्याआधी कशाला संमती देत आहोत ते त्यांना वाचून दाखवायला हवे.

रामबाग_इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. तुकोगंजच्या डॉक्टरसाहेबांनी लिहिलेला तापाचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला आहे. सिस्टर, तुमचा प्रतिसाद यजमानांनाही वाचून दाखवला. आता ॲप आईंच्या स्वतःच्या फोनवर आहे आणि गुरुवारी दुपारी चहाच्या आधी त्या स्वतः आठवण करतात. देवासकर ताई, तुमचे वाचून मी आईंना विचारले की मी शेजारी असताना एखादे उत्तर राहून जाते का. दोन प्रश्न त्या एकट्याने भरतील असे ठरले आहे.

मात्रा कमी केल्यानंतर तीन सलाईन झाले. बधिरपणा गेलेला नाही, तो लगेच जाणार नाही असे डॉक्टरांनी सांगितलेच होते, मात्र गेले तीन गुरुवार तो वाढलेला नाही. फुलवाती अजून होत नाहीत. लांब वाती तळहातावर वळायच्या असतात, त्या जमू लागल्या आहेत.

शब्दार्थ यांनी मागितल्याप्रमाणे आईंचे शब्द एका वहीत लिहून ठेवते आहे. आतापर्यंतचे तीन असे: "बोटांवर कागद डकवल्यासारखं वाटतं." "पाण्याचा तांब्या धरलाय हे डोळ्यांनी कळतं, हाताने नाही." "चप्पल पायात आहे की सुटली, ते खाली बघितल्याशिवाय समजत नाही." हे तिसरे वाक्य मी ॲपमधल्या "और कुछ बताना चाहें" या रकान्यात जसेच्या तसे मराठीतच लिहून पाठवले. सिस्टरांनी ते कोणाकडून तरी समजून घेतले आणि फोन करून विचारले की न्हाणीघरात पाय घसरतो का, रात्री उठताना दिवा असतो का. घसरला होता, एकदा, आणि आम्हाला त्यांनी सांगितले नव्हते. काल न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला.